कुठला एल्फिन्स्टन?

मुंबईत पश्चिम रेल्वेवरच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव जुलै २०१८मध्ये प्रभादेवी झालं, तेव्हा पुष्कळ जण हळहळले. ज्याने मुंबई इलाख्यात आधुनिक शिक्षणाचा पाया घातला, ज्याच्या नावाच्या कॉलेजात दादाभाई नौरोजींनी शिकवलं आणि बाबासाहेब आंबेडकर शिकले, त्याची आठवण पुसली गेली, असं माझ्या ओळखीतली चांगली वाचणारी माणसंही म्हणाली. त्यांची हळहळ मनापासूनची होती. पण ज्याच्यासाठी ते हळहळत होते, त्याचं नाव त्या स्टेशनाला कधी दिलेलंच नव्हतं. कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचं. स्टेशन त्याच्या पुतण्याच्या, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनच्या नावाचं. काका १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता, पुतण्या १८५३ ते १८६०. दोघांच्या कारकिर्दींत पाव शतकाहून जास्त अंतर आहे आणि दोघांनी महाराष्ट्रात जे केलं त्यातही तेवढंच.

मी पुस्तकांच्या सूची करते. पानं लागलेली प्रुफं हातात आली की पहिल्या पानापासून प्रत्येक व्यक्तीचं, गावाचं, ग्रंथाचं नाव टिपायचं, पृष्ठांक लिहायचे, वर्णानुक्रम लावायचा. पुस्तकाच्या शेवटची ती बारीक टायपातली पानं सर्वसाधारण वाचक उघडत नाही. अभ्यासक मात्र पुस्तक हातात घेतल्यावर आधी तीच उघडतो, म्हणून तिथली चूक दूरवर जाते. एकाने दोन माणसं एका नोंदीत घातली की पुढचा त्यावरून लेख लिहितो, त्याच्या पुढचा तो लेख संदर्भ म्हणून देतो, आणि कधीच न जगलेला एक तिसराच माणूस इतिहासात वावरू लागतो.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रावरचं एक जाडजूड पुस्तक असंच माझ्याकडे आलं. सोबत कुणीतरी आधी केलेली कच्ची सूची होती. तिच्यात एक नोंद होती : ‘एल्फिन्स्टन, लॉर्ड’. पुढे पृष्ठांकांची दोन ओळींची रांग. मी एकेक पान काढून पाहिलं. पहिल्या काही पानांवर खडकीची लढाई होती, पुढे विश्रामबागवाड्यातली संस्कृत पाठशाळा, मग काबूलहून इंग्रज फौजेची माघार, मग सत्तावन्नच्या फाशा, मग माथेरान. ती नोंद खरी धरली तर हा गृहस्थ १८१७ साली पुण्यात पेशव्यांशी लढला, १८४२ साली अफगाणांच्या कैदेत मेला आणि १८५७ साली मुंबईच्या गव्हर्नराच्या खुर्चीत बसला होता. त्या दोन ओळींत तीन माणसं कोंबलेली होती. आणि त्यांतला ‘लॉर्ड’ एकच होता.

ही गफलत कशी होते ते कळायला थोडं स्कॉटलंडमध्ये जायला हवं.

एडिंबराच्या पूर्वेला ट्रॅनंट गावाजवळ एल्फिन्स्टन नावाचं खेडं आजही आहे. आडनाव त्या जमिनीवरून आलं. घराण्याचा पसारा पुढे स्टर्लिंगच्या बाजूला, फोर्थ नदीच्या काठच्या एअर्थ भागात वाढला. चौथ्या जेम्स राजाच्या काळात, १५१०च्या सुमारास, अलेक्झांडर एल्फिन्स्टनला ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ हा किताब मिळाला. तीनच वर्षांनी फ्लॉडनच्या रणांगणावर राजा पडला, त्याच लढाईत हा पहिला लॉर्डही पडला. त्याच्या मुलाचं नाव अलेक्झांडरच. तो दुसरा लॉर्ड १५४७ साली पिंकीच्या लढाईत मारला गेला. बाप आणि मुलगा, एकच नाव, एकच किताब, दोघांचाही शेवट इंग्रजांशी लढताना. जुन्या कागदात नुसतं ‘अलेक्झांडर, लॉर्ड एल्फिन्स्टन, रणात पडला’ असं असेल तर साल पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हे फक्त सरदार घराण्यांत होत असे असं नाही. स्कॉटलंडमध्ये नाव ठेवण्याची एक ठरलेली रीत होती. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला खुद्द वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. रीत पाळली की एका आजोबांच्या चार मुलगे असलेल्या घरात चार नातवंडं एकाच नावाची, एकाच आडनावाची, आणि बहुधा एकाच गावात वाढणारी. त्यात जॉन, जेम्स, विल्यम, अलेक्झांडर, रॉबर्ट ही पाच-सहा नावंच सगळीकडे. आपल्याला हे परकं वाटू नये. रघुनाथरावांनी आपल्या मुलाचं नाव आपल्या वडिलांवरून बाजीराव ठेवलं, आणि मराठी राज्याच्या इतिहासात दोन बाजीराव आले. एकाने राज्याची सीमा उत्तरेत नेली, दुसऱ्याच्या हातून राज्य गेलं. परदेशातल्या एखाद्या पुस्तकात या आजोबा-नातवांची एकच नोंद दिसली तर आपल्याला जे वाटेल, तेच मला ‘एल्फिन्स्टन, लॉर्ड’ पाहून वाटलं.

स्कॉट लोकांनी या गोंधळावर स्वतःचे उपाय काढले होते आणि ते सूचीच्या कामात फार उपयोगी पडतात. जमीनदार माणूस आडनावापेक्षा आपल्या जमिनीच्या नावाने ओळखला जाई, कागदातही ‘अमुक ठिकाणचा’ असं लिहिलं जाई. लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नाव कायद्याच्या कागदांत आणि थडग्यावरच्या दगडावर टिकून राही, त्यामुळे एकाच नावाच्या दोन पुरुषांना त्यांच्या बायकांवरून वेगळं काढता येतं. ईशान्य किनाऱ्यावर, बकी आणि पोर्टनॉकीसारख्या मासेमारीच्या गावांत तर अख्ख्या गावाची दोन-तीनच आडनावं. तिथे प्रत्येक घराला एक जादा नाव असे, त्याला ते ‘टी-नेम’ म्हणतात. हे नाव नुसतं हाक मारायला नव्हतं. मतदारयादीतसुद्धा ते आडनावाच्या पुढे लिहिलं जाई, नाहीतर कुणाचं मत कुणी दिलं हे कळायचं नाही. मला या रिवाजाबद्दल खरोखर आदर वाटतो. आपल्या गावातला प्रत्येक माणूस निराळा आहे, याची नोंद ठेवायची त्यांनी सोय केली.

सरदारांच्या बाबतीत मात्र किताबच घात करतो. किताब धारण करणारा माणूस सही करताना स्वतःचं पहिलं नाव लिहीत नाही, फक्त ‘एल्फिन्स्टन’ लिहितो. अकरावा, बारावा, तेरावा आणि चौदावा लॉर्ड एल्फिन्स्टन, चौघांचंही नाव जॉन. सही सगळ्यांची एकच. कुठला ते तारखेवरून ओळखायचं.

आता आपला माउंटस्टुअर्ट. तो अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा, जन्म १७७९. किताब थोरल्याकडे जातो, धाकट्यांकडे नाही. त्यामुळे माउंटस्टुअर्ट आयुष्यभर ‘लॉर्ड’ नव्हता आणि ‘सर’ही नव्हता. मराठी पुस्तकांत ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ असं जिथे जिथे छापलेलं दिसतं, तिथे तिथे काका-पुतणे एकमेकांत मिसळले आहेत असं खुशाल समजावं. माझ्या कामात ही खूण सगळ्यांत आधी उपयोगी पडते. ‘लॉर्ड’ शब्द आणि १८२७पूर्वीची घटना एकत्र आली की पान बाजूला काढायचं.

सोळाव्या वर्षी, १७९६ साली, तो कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला उतरला. १८०३ साली असईच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीबरोबर होता. १८०४ ते १८०८ नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट. मग अफगाणिस्तानच्या शाह शुजाकडे वकील म्हणून गेला. १८०९ साली पेशावरला त्यांची भेट झाली, आणि त्या प्रवासातून काबूलच्या राज्यावरचं त्याचं मोठं पुस्तक १८१५ साली आलं. १८११पासून तो पुण्यात रेसिडेंट होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला होता. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरात १८१५ साली खून झाला, त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या तुरुंगातून निसटले, पेशव्यांशी संबंध बिघडत गेले, आणि ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली. संगमावरचा बंगला पेटवला गेला आणि त्यात त्याचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रं जळाली. ग्रीक आणि फारसी मनापासून वाचणाऱ्या माणसाचा तो संग्रह होता. सूची करणारी म्हणून त्या कागदांचं मला वाईट वाटतं. पण शनिवारवाड्यावरचं निशाण उतरवण्यात त्याचा हात होता, हे मी त्या वाइटाखाली झाकणार नाही. त्याने मराठ्यांचं राज्य बुडवलं, आणि ते त्याने हेतुपूर्वक केलं.

त्यानंतर काय केलं तेही त्याच्याच नावावर लिहायला हवं. दख्खनचा कमिशनर म्हणून त्याने साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांची गादी राखली, वतनं आणि इनामं शक्यतो होती तशी चालू ठेवली, गावपंचायतींना मान दिला. पेशव्यांकडून ब्राह्मणांना मिळणाऱ्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात पाठशाळा सुरू झाली. गव्हर्नर झाल्यावर मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकं काढणाऱ्या संस्थेला त्याने बळ दिलं. १८२७ साली मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र संहितेत आले. त्याच साली तो परत निघाला, तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने अध्यापकांची पदं निर्माण करायला दोन लाख रुपयांहून अधिक वर्गणी जमवली. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभं राहिलं, ऑर्लेबार आणि हार्कनेस हे पहिले प्रोफेसर आले, बाळशास्त्री जांभेकर तिथे सहायक प्राध्यापक झाले. रानडे, भांडारकर, तेलंग, फिरोजशहा मेहता, गोखले, आंबेडकर ही नावं एका कॉलेजाच्या यादीत येतात ती इथे. काळा घोड्याजवळची आजची इमारत नंतरची, १८८०च्या दशकातली. माउंटस्टुअर्टने ती पाहिली नाही. तो १८२७नंतर हिंदुस्थानात पुन्हा आलाच नाही. गव्हर्नर जनरलचं पद दोनदा देऊ केलं तरी घेतलं नाही, १८४१ साली हिंदुस्थानचा इतिहास छापला आणि नोव्हेंबर १८५९मध्ये इंग्लंडमध्ये सरे परगण्यात वारला.

काबूलचं पुस्तक लिहिणारा हा. काबूलमध्ये फौज गमावणारा दुसरा. तो माउंटस्टुअर्टचा सख्खा चुलतभाऊ, जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, जन्म १७८२. त्याच्या वडिलांचं नावही विल्यम, तेही कंपनीचे डायरेक्टर, म्हणजे कंपनीच्या कागदांत ‘विल्यम एल्फिन्स्टन’ दिसला तरी बाप की मुलगा हा प्रश्न उरतोच. मुलगा वॉटर्लूला पलटणीचा प्रमुख होता. पुढे पंचवीस वर्षं मोठी लढाई पाहिली नाही, संधिवाताने पाय धड चालेनात, अशा अवस्थेत १८४१ साली त्याच्याकडे काबूलच्या फौजेचं नेतृत्व आलं. शाह शुजाला गादीवर बसवणं एक वेळ जमेल, पण त्या थंड, गरीब, दूरच्या मुलखात त्याला टिकवून धरणं अशक्य आहे, असं माउंटस्टुअर्टने आधीच लिहून कळवलं होतं. कुणी ऐकलं नाही. जानेवारी १८४२मध्ये बर्फातून सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार नोकरचाकर, बायकापोरं काबूलहून निघाली. त्यांतले बहुसंख्य हिंदुस्थानी होते, आणि त्यांची नावं कुठल्याच सूचीत नाहीत. आठवड्याभरात ती सगळी फौज संपली. युरोपियनांपैकी डॉक्टर ब्रायडन एकटा जलालाबादला पोचला. जनरल अफगाणांच्या हाती ओलीस सापडला आणि एप्रिलमध्ये कैदेतच आमांशाने मेला. ज्याने सावध केलं त्याला आणि ज्याच्या हातून ते घडलं त्याला एकाच नोंदीत टाकणं माझ्याच्याने होणार नाही.

तिसरा, स्टेशनवाला. जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, जन्म १८०७. वडील, म्हणजे माउंटस्टुअर्टचे थोरले भाऊ, १८१३ साली गेले, तेव्हा हा लहान वयातच लॉर्ड झाला. तिशीत मद्रासचा गव्हर्नर, १८३७ ते १८४२. मग १८५३च्या डिसेंबरात मुंबईचा गव्हर्नर. एप्रिल १८५३मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली ती लॉर्ड फॉकलंडच्या काळात, पण बोरघाट फोडून रेल्वे वर नेण्याचं काम याच्या काळात सुरू झालं. विहार तलावाचं पाणी मुंबईत आणण्याचं काम, मुंबईची पहिली कापडगिरणी, माथेरानची वस्ती, हे सगळं याच्या कारकिर्दीतलं. माथेरानला त्याने स्वतःसाठी बांधलेल्या घराला एल्फिन्स्टन लॉज म्हणत. जुलै १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, त्याचा पहिला कुलपती गव्हर्नर या नात्याने हाच होता. तेव्हा शिक्षणाचं सगळं श्रेय काकाचं आणि पुतण्या कोरडा, असंही नाही.

पण त्याच उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आणखीही काही घडत होतं. साताऱ्याचं राज्य १८४८ साली डलहौसीने खालसा केलं होतं. प्रतापसिंहांच्या बाजूने रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये चौदा वर्षं अर्ज-विनंत्या करत बसले आणि रिकाम्या हाताने परत आले. १८५७ साली साताऱ्यात उठावाचा कट उघडकीस आला. रंगो बापूजी निसटले, ते कधी सापडले नाहीत. ८ सप्टेंबरला सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. मुंबईत पोलीसप्रमुख फोर्जेटने दिवाळीच्या सुमाराचा कट शोधून काढला आणि १५ ऑक्टोबरला एस्प्लनेडवर, आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, सय्यद हुसेन आणि मंगल या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. या सगळ्या वेळी मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन होता.

हे लिहिताना माझा आवाज थोडा चढतो, तो मी आवरणार नाही. साताऱ्याची गादी राखणारा एल्फिन्स्टन आणि साताऱ्यातल्या सतरा जणांच्या वेळचा एल्फिन्स्टन, हे जर एकच समजले गेले, तर एकाचं औदार्य दुसऱ्याच्या शिक्षांवर पांघरूण घालतं, किंवा एकाच्या शिक्षा दुसऱ्याच्या शाळांना डाग लावतात. दोन्हींत रंगो बापूजींवर अन्याय होतो. त्यांनी ज्याच्या करारावर विसंबून चौदा वर्षं लढा दिला आणि ज्याच्या राजवटीत त्यांचा मुलगा गेला, ती दोन वेगवेगळी माणसं होती. त्यांच्या दुःखाची पूर्ण लांबी त्या दोन नोंदींच्या मधल्या तीस-चाळीस वर्षांत आहे.

मुंबईतल्या खुणांचं वाटप आता करता येतं. कोटातल्या जुन्या कॉटन ग्रीनवर १८६०च्या दशकात आखलेल्या गोल चौकाला एल्फिन्स्टन सर्कल नाव दिलं ते लॉर्ड जॉनवरून. स्वातंत्र्यानंतर ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या संपादकांवरून हॉर्निमन सर्कल झालं. स्टेशनही जॉनचंच. लोकल पकडणारा सामान्य मुंबईकर त्याला ‘एल्फिस्टन’ म्हणे आणि परळच्या गिरण्यांशी, पुढे ऑफिसांशी ते नाव जोडलं गेलं. २९ सप्टेंबर २०१७ला तिथल्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसं गेली. त्यानंतर माझ्यासारख्या कित्येकांना ते नाव ऐकलं की कुठल्याही गव्हर्नराआधी ती माणसं आठवतात, आणि ते योग्यच आहे. नाव बदललं म्हणून मला दुःख झालं नाही. प्रभादेवी हे त्या जागेचं आपलं नाव आहे. शंभर वर्षांहून जुना रेल्वेवरचा एल्फिन्स्टन पूलही २०२५ साली नव्यासाठी बंद झाला. म्हणजे पुतण्याच्या खुणा एकेक करून गेल्या आणि काकाचं कॉलेज नावानिशी उभं आहे, जरी आता ते होमी भाभा राज्य विद्यापीठात सामील झालं आहे. ज्यांना दोघं शेजारी पाहायचे असतील त्यांनी टाउन हॉल गाठावा, जिथे एशियाटिक सोसायटी आहे. काकाचा संगमरवरी पुतळा फ्रान्सिस चँट्रीने घडवलेला, पुतण्याचा जॉन हेन्री फोलीने. चँट्री १८४१ साली वारला, तेव्हा पुतण्या अजून मद्रासमध्ये होता. म्हणजे शिल्पकाराचं नाव माहीत असेल तर किताब न वाचताही कुठला एल्फिन्स्टन ते सांगता येतं.

या तिघांपलीकडे आडनाव थांबत नाही. ॲबरडीनला कुणाला विचारलं तर एल्फिन्स्टन म्हणजे बिशप विल्यम एल्फिन्स्टन, १४३१ ते १५१४. त्याचे वडील धर्मगुरू, त्यांचंही नाव विल्यम एल्फिन्स्टन. १४९५ साली पोपकडून सनद आणवून या बिशपने ॲबरडीनचं विद्यापीठ स्थापन केलं, तिथे वैद्यक शिकवणारा अध्यापक नेमला, आणि १५०७ साली राजाकडून स्कॉटलंडच्या पहिल्या छापखान्याला परवाना मिळण्यामागेही त्याची खटपट होती. फ्लॉडनच्या युद्धाला त्याचा विरोध होता. बिशपने विद्यापीठ काढलं, माउंटस्टुअर्टच्या नावाने कॉलेज निघालं, जॉन विद्यापीठाचा पहिला कुलपती झाला : तीन शतकांच्या अंतराने एका आडनावाचा शिक्षणाशी असा तीनदा संबंध आला, याचं मला अप्रूप वाटतं. याच आडनावाचा आर्थर, सहावा लॉर्ड बाल्मेरिनो, स्टुअर्ट राजपुत्राच्या बाजूने लढला म्हणून १७४६ साली लंडनच्या टॉवर हिलवर त्याचं डोकं उडवलं गेलं. किताब वेगळा असल्यामुळे तो सूचीत ‘ब’मध्ये जातो आणि बरेचदा निसटतो. समुद्रावर जॉन एल्फिन्स्टन हा कॅप्टन रशियाच्या कॅथरीन राणीच्या आरमारात जाऊन १७७० साली चेश्मेच्या लढाईत तुर्कांशी लढला. आणि माउंटस्टुअर्टचा काका जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन हा ॲडमिरल, लॉर्ड कीथ म्हणून ओळखला जाणारा. १७९५ साली केप ऑफ गुड होप जिंकणाऱ्यांत तो होता आणि १८१५ साली नेपोलियनला सेंट हेलेनाला पाठवण्याची व्यवस्था त्याच्याकडे होती.

एक नोंद मी शेवटपर्यंत बाजूला ठेवली होती. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट, पुढे आईकडच्या वारशाने ग्रँट डफ झालेला, मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक. १८२६ साली त्याचा ग्रंथ आला. ‘डफ’ची जोड मिळाली हे आपल्या दृष्टीने बरं झालं, कारण जेम्स ग्रँट नावाचे स्कॉट त्या शतकात कितीतरी आहेत. बंगालच्या महसुलावर लिहिणारा एक, नाईलचा उगम शोधायला गेलेला दुसरा, कादंबऱ्या लिहिणारा तिसरा. ग्रँट डफला १८२९ साली मुलगा झाला. वरिष्ठाबद्दल त्याच्या मनात इतका आदर होता की मुलाचं नाव त्याने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवलं. आडनावासकट पूर्ण नावच मुलाचं पहिलं नाव झालं : माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. तो ब्रिटिश पार्लमेंटात गेला आणि १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन ज्या खुर्चीवर १८३७ साली बसला होता, तिच्यावर रक्ताने एल्फिन्स्टन नसलेला हा एल्फिन्स्टन येऊन बसला. त्यामुळे मद्रासचे जुने कागद हाताळणाऱ्याने नावाच्या शेवटी ‘डफ’ आहे की नाही ते आधी पाहावं, मगच साल. त्या जाडजूड पुस्तकात त्याचा एकदाच उल्लेख होता, वडिलांच्या चरित्राच्या तळटीपेत. मी तो ‘ग’मध्ये ग्रँट डफांच्या खाली लावला, आणि ‘ए’मध्ये, पुतण्याच्या नोंदीनंतर, एक ओळ घातली : ‘एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्ट (ग्रँट डफपुत्र) : पाहा ग्रँट डफ’.